वेंडल उठेना

हास्लबाखच्या आगीच्या बंबाचा प्रमुख वेंडेलिन श्टाडलर. सारं गाव त्याला वेंडल म्हणतं. पोटापाण्याला तो ग्रामपंचायतीत कामाला. हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ ओढायचं, उन्हाळ्यात दफनभूमीतलं गवत कापायचं, अधेमधे गटार तुंबलं की हात घालून मोकळं करायचं. बंबाचं काम फुकटचं. भोंगा वाजला की हातातलं टाकून पळायचं, त्याला पगार नाही नि सक्तीही नाही. ज्यानं त्यानं आपल्या मनानं पळायचं. वेंडलचं सगळं दुखणं या मनातच होतं.

रात्री भोंगा झाला तर हास्लबाखसारखं गाव नाही. चड्डीवर बूट चढवून पळत येणारे असायचे. बंबात बसायला जागा पुरत नसे आणि दारातच दोघं एकमेकांना ढकलायचे. पण दिवसा गावात असतं कोण? तरणेताठे पहाटेच मोटारीत बसून शहरातल्या कारखान्यांत गेलेले. मागं उरायचे चौघं. एक वेंडल. दुसरा सेव्हेरिन, दूधदुभत्याचा शेतकरी, साठी उलटलेला, पण अजून शिडीवर चढणारा. तिसरी, रात्रपाळी करून मेल्यासारखी झोपलेली नर्स. आणि चौथा बेकरीवाला, ज्याला भट्टी सोडून निघता येत नाही.

"आगीला रात्रीचं लागायला शिकवलं पायजे कुणीतरी," वेंडल म्हणायचा. म्हणताना हसायचा नाही.

गेल्या पानगळीत फिलोमेना म्हातारीचं गवताचं कोठार पेटलं, ते सकाळी. आत दोन वासरं होती. धुरात शिरायचं तर तोंडाला हवेचा मुखवटा लावून दोघांनी आत जायचं, त्यांच्या जिवासाठी दोघांनी बाहेर तयार राहायचं आणि एकानं पंपावर. इतकी माणसं नसतील तर आत जाणं म्हणजे वासरांच्या जोडीला आपणही भाजून घेणं. त्या दिवशी आले तिघं. वेंडल, सेव्हेरिन आणि केस पिंजारलेली नर्स. त्यांनी बाहेरून पाणी मारलं. वासरं ओरडत होती, मग ओरडायची थांबली. फिलोमेनानं गोठ्यापुढची दुधाची बादली तेवढी उपडी घातली आणि घरात निघून गेली.

टेकडीच्या पलीकडं ओबरमूस. तिथं लाकडाची गिरणी आहे आणि गिरणीतले निम्मे कामगार बंबात आहेत, म्हणजे दिवसाढवळ्या दहा-बारा माणसं हाताशी. ती सगळी त्या सकाळी गिरणीच्या फाटकात उभी राहून हास्लबाखचा धूर बघत होती. त्यांचा भोंगा कुणी वाजवलाच नव्हता. हास्लबाखला दिवसा मदत लागली तर ती शहरातून यायची, असं जुनं ठरलेलं. शहराचा बंब आला तेव्हा विझवायला निखारे उरले होते. ते मात्र त्यांनी झकास विझवले.

आता कुणीही शहाणा विचारील की पलीकडची माणसं सोडून शहर कशाला? तर त्याचं कारण बंबघराच्या भिंतीवर काचेच्या पेटीत टांगलेलं आहे. हातभर लांबीचा, कुजकट, कॅनव्हासचा पाइप. आजोबांच्या काळी ओढ्यावरची पाणचक्की पेटली, तेव्हा दोन्ही गावांचे बंब एकदमच पोचले. आगीवर पहिलं पाणी ज्याचं पडेल त्याला तेव्हा विमावाल्यांकडून बक्षीस असायचं. हास्लबाखचं पाणी आधी येणार असं दिसताच ओबरमूसच्या एका आजोबानं कुऱ्हाड काढली आणि यांचा पाइप तोडला. चक्की जळाली ती जळालीच. तो तुकडा तेवढा जपून ठेवला. गावातलं लहान पोरही त्या पेटीपुढं उभं राहून सांगतं की ओबरमूसवाले पहिल्या पाण्याचे चोर.

दर जानेवारीला बंबाच्या दलाची सभा होते, आणि दर जानेवारीला वेंडल उभा राहतो. म्हणतो, दिवसा दोन्ही गावांचे भोंगे एकदम वाजू द्या. आग इकडं असो की तिकडं, दोघांनीही पळायचं. ओबरमूसचा त्याला होकार होता. इकडं मात्र हात वर व्हायचे तीन. वेंडल, सेव्हेरिन, नर्स. बेकरीवाला सभेला नसतोच, त्याला पहाटे उठायचं असतं.

कोठार जळालं त्यानंतरच्या सभेत वेंडलला वाटलं, आता तरी. हात वर झाले पाच.

"आरं दोन वासरं भाजली," वेंडल म्हणाला. "उद्या माणूस भाजंल."

"वाईट झालं, वेंडल. कोण न्हाई म्हणतंय?" बुर्कहार्ड ह्योल्त्सल म्हणाला. बुर्कहार्ड दलाच्या मंडळाचा अध्यक्ष. बंब चालवायचा तो प्रमुखानं, आणि झेंडा, मिरवणुका, बियरचे मांडव हे अध्यक्षानं, अशी वाटणी. मोटारींच्या कारखान्यात तो साहेब होता आणि पोटही साहेबाचंच होतं. "पर ओबरमूसच्या बंबानं आपल्या गावात पैलं पाणी मारायचं? माझा आजा थडग्यात कूस बदलंल."

"तुझ्या आज्याला म्हणावं, उठलाच हाईस तर ये बंबावर. माणसं कमी हाईत."

सगळे हसले. आणि हात पाचच राहिले. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच सभेत दुसरा विषय निघाला. पुढच्या उन्हाळ्यात दलाला दीडशे वर्षं पुरी होणार होती. मांडव, बँड, नव्या झेंड्याला पाद्रीबाबांचा आशीर्वाद, सगळं आलं. आणि असा उत्सव करायचा तर शेजारच्या एका दलानं पाठराखा व्हावं लागतं. पाठराखा नाही तर उत्सव नाही. नवरीशिवाय लग्न लागेल कसं? मागच्या वेळी जे गाव पाठराखं होतं त्याचं दलच मोडलं होतं, तरणी माणसंच उरली नव्हती. शेजारच्या बाकी दोन दलांचे त्याच उन्हाळ्यात आपापले उत्सव होते. उरलं कोण?

बुर्कहार्डनं बियरचा मग्गा खाली ठेवला आणि गंभीर होऊन म्हणाला, "मंडळी, जुनं उगाळत बसण्यात शहाणपणा न्हाई. ओबरमूसकडं जाऊ."

चाळीसच्या चाळीस हात वर. वेंडलला आधी वाटलं आपल्याला दिसतंय ते खरं नाही. मग त्याला इतका राग आला की त्यानं आपला मग्गा अर्धा भरलेलाच ठेवला आणि घरी गेला. हास्लबाखमध्ये ही गोष्ट अजून सांगतात.

"मांडवासाठी ओबरमूस चालतंय," तो बायकोला, रोझविताला म्हणाला. "आगीसाठी न्हाई चालत."

"मांडवात बियर असती," रोझविता म्हणाली. "आगीत कुठाय?"

पाठराखण मागायची रीत ठरलेली आहे. मागणाऱ्या दलाचा प्रमुख आणि अध्यक्ष, दोघांनी समोरच्या दलापुढं गुडघे टेकायचे, तेही जमिनीवर नव्हे, तिधारी फोडलेल्या ओंडक्यावर, धार वर करून. समोरचे अटी घालतात, टिंगल करतात, ताणतात. होकार आला की प्रमुख आधी उठतो, त्याच्यामागनं बाकीचे. प्रमुख उठल्याशिवाय ना कुणी जागचं हलायचं, ना घास तोंडात घालायचा, ना मग्गा उचलायचा.

एप्रिलातल्या एका रविवारी सकाळची प्रार्थना आटोपून हास्लबाखचे लोक बस भरून ओबरमूसला गेले. कडक इस्त्रीचे गणवेश, छातीवर बिल्ले, पुढं बँड. वेंडल बसमध्ये मागं वळून बघत होता. एवढे चेहरे त्यानं एका जागी कधी पाहिले नव्हते. एकानं तर कारखान्यातली जादा पाळी सोडली होती.

"आगीला रजा मिळत न्हाई म्हणला हुतास तू," वेंडल त्याला म्हणाला.

"आगीचं आधी कळत न्हाई ना, वेंडल," तो म्हणाला. अगदी भोळ्या तोंडानं.

ओबरमूसची प्रमुख बाई होती, झेंटा. गिरणीत मोठ्या करवतीवर काम करायची, आवाजही तसाच. खानावळीच्या दालनात तिनं दोन ओंडके मांडून ठेवले होते, ताजे फोडलेले, त्यांना अजून राळेचा वास येत होता. भिंतीकडच्या टेबलावर मोठी पातेली, त्यात गरम पाण्यात पांढरी सॉसेजं. शेजारी गोड मोहरी, वर मीठ भुरभुरलेल्या पावाच्या कड्या आणि मग्ग्यांची रांग. ही सॉसेजं सकाळची, बाराची घंटा व्हायच्या आत खायची. घंटेनंतर ती खाणारा एक तर परका असतो, नाही तर त्याला वळण नसतं.

"वाका," झेंटा म्हणाली.

वेंडल वाकला. धार गुडघ्याच्या वाटीखाली बरोबर बसली. बुर्कहार्ड टेबलाचा आधार घेत घेत टेकला, आणि टेकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जरा जास्तच समाधान दिसलं. झेंटानं ते पाहिलं. ती खाली बसली आणि त्याच्या विजारीत हात घालून तिनं मेंढीच्या कातड्याची एक गादी बाहेर काढली. मग दुसरी.

"अध्यक्षसाहेब, मेंढरू पुरं आणलंत का कातडंच?"

दालन हसून हसून कोसळलं. आधीपासून बिनगादीच्या वेंडलला ते पाहून पहिल्यांदा थोडं बरं वाटलं.

मग अटी सुरू झाल्या. पहिली, ओबरमूसचा बंब हास्लबाखवाल्यांनी पांढऱ्या सदऱ्यात दात घासायच्या ब्रशानं धुऊन द्यायचा. कबूल. दुसरी, उत्सवात ओबरमूसचं टेबल बियरच्या नळापासून हाताच्या अंतरावर. कबूल, हेही कबूल. झेंटा थांबली. वेंडलच्या मांडीत एव्हाना मुंग्यांचं वारूळ उठलं होतं.

"तिसरी," ती म्हणाली. "तुमच्या भिंतीवरचा तो पाइपचा तुकडा उतरायचा. आमची माणसं तुमच्या मांडवात पाठराखे म्हणून बसणार आणि पोरं त्यांस्नी चोर म्हणणार, हे चालायचं न्हाई."

वेंडलनं डोळ्यांच्या कडेनं बुर्कहार्डकडं पाहिलं. आता येतोय आजा थडग्यातनं, त्याला वाटलं. बुर्कहार्डच्या कपाळावर घाम होता. तो गुडघ्यांचा होता की इज्जतीचा, सांगता येत नव्हतं.

"कबूल," बुर्कहार्ड म्हणाला.

मागून साऱ्या गळ्यांनी "कबूल" म्हटलं. एकानंही हूं का चूं केलं नाही. दोन पिढ्यांचा पाइप, आणि तो एका दमात उतरला, बियरच्या मांडवासाठी. वासरांसाठी नाही उतरला. फिलोमेनासाठी नाही उतरला.

"मग आम्ही तुमचे पाठराखे," झेंटा म्हणाली. बँडनं सूर धरला. टाळ्या झाल्या. बुर्कहार्डनं सुटकेचा श्वास सोडून एक गुडघा उचलला.

वेंडल उठेना.

बँड एक चाल वाजवून झाला. दुसरी सुरू करून मधेच थांबला. झेंटा म्हणाली, "वेंडल, झालं. ऊठ की. का अडकलास?"

"तू हो म्हणालीस," वेंडल म्हणाला. "माझी माणसं अजून हो म्हणाली न्हाईत."

"कशाला हो म्हणायचं?" मागून कुणीतरी विचारलं.

"तुमास्नी ठावं हाय कशाला. दिवसाचे भोंगे. हात वर करा, मग उठतो."

आधी हसू आलं सगळ्यांना. वेंडल मस्करी करतोय म्हणून. मग कुणी म्हणालं, ही काय जागा हाय का. कुणी म्हणालं, जानेवारीत बघू. वेंडल ओंडक्यावर तसाच, हात मांडीवर ठेवून, समोरच्या पातेल्याकडं बघत राहिला. पातेल्यातलं पाणी बारीक बुडबुडे सोडत होतं.

"आरं ऊठ, येड्या," बुर्कहार्ड दातांत म्हणाला. त्याला उठता येत नव्हतं. रीत ती रीत, आणि ती त्यानंच पाठ करून सगळ्यांना पढवली होती. "माझे गुडघे फुटले."

"माझेबी."

"ह्यो उत्सवाचा मान हाय. त्यात तुझं घोडं कशाला दामटतोस?"

"पाइप उतरला का न्हाई?"

"उतरला."

"मग आता अडलं काय? आजा तर झोपला."

बुर्कहार्डच्या जागी मागचा एक जण म्हणाला, "मांडवाची गोष्ट येगळी. तिथं त्ये पाव्हणे. आगीला आले तर मालकी सांगत्याल."

"जळक्या कोठारावर मालकी?" सेव्हेरिन मागून म्हणाला. "द्या की त्यास्नी. आन फिलोमेनाचं तोंडबी त्यास्नीच बघू द्या. मी बघून दमलो."

खानावळवाली दारात आली आणि म्हणाली की सॉसेजं फुटायला लागलीत, आणि बारा वाजत आलेत, आणि घंटा झाल्यावर ती कुणाला वाढणार नाही, मग तो पाद्री असला तरी. असं म्हणून ती तिथंच हात कमरेवर ठेवून उभी राहिली. दालनात कुजबुज वाढली. प्रार्थनेला उपाशी पोटी आलेली माणसं ती. मोहरीचा वास नाकात जात होता.

झेंटानं हाताची घडी घातली. "आमचं विचारू नका," ती म्हणाली. "आम्ही कवाच हात वर केलेत."

पहिला हात वर झाला तो जादा पाळी सोडून आलेल्याचा. त्याच्या तोंडावर काही विचार पटल्याचं चिन्ह नव्हतं, भूक होती. मग त्याच्या शेजाऱ्याचा. मग रांगेनं, धोब्याच्या दोरीवर सदरे चढावेत तसे. वेंडल मान वळवून मोजत नव्हता, त्याला मान वळवताच येत नव्हती. शेवटी त्याच्या शेजारचा हात वर झाला, जाडजूड, अंगठीवाला.

"हे मनापासनं न्हाई," बुर्कहार्ड म्हणाला.

"मन घरी ठेव," वेंडल म्हणाला. "भोंगा वाजला की पुरे."

तो उठायला गेला आणि उठता येईना. खरंच येईना. झेंटा आणि सेव्हेरिननं दोन्ही काखांत हात घालून त्याला उचललं, तेव्हा एक पाय खाली टेकला आणि दुसरा तसाच दुमडलेला राहिला. तेवढ्यात घंटा सुरू झाली. निम्म्यांच्या तोंडात पहिला घास होता, निम्म्यांच्या हातात. खानावळवालीनं पातेली उचलली.

परतीच्या बसमध्ये वेंडलशी कुणी बोललं नाही. मांडीवर तो ओंडका होता, रीतीप्रमाणं आठवण म्हणून दिलेला. झेंटानं त्यावर तारीख कोरली होती. घरी आल्यावर रोझवितानं विजार वर सरकवून गुडघा पाहिला. भोपळ्यासारखा होता.

"जिंकलास का हरलास?" तिनं विचारलं.

"हात वर झाले."

"मग तोंड असं का?"

"सॉसेजांपायी झाले," वेंडल म्हणाला. "वासरांपायी न्हाई."

गुडघ्यात पाणी भरलं. डॉक्टरनं सुईनं काढलं, ते परत भरलं. पाय उशीवर ठेवून घरात बसायचा हुकूम झाला. दफनभूमीतलं गवत वाढलं, आणि ते वाढलेलं वेंडलला खिडकीतून दिसायचं. बंबघराच्या भिंतीवर पाइप होता तिथं फिकट चौकोन उरला, आणि येणारा जाणारा त्या चौकोनाकडं बघून वेंडलच्या नावानं बोटं मोडायचा. रोझवितानं दोनदा विचारलं, तो ओंडका चुलीत घालू का. चांगला वाळलाय. वेंडल म्हणायचा, घाल. मग ती विसरायची.

मे महिन्यातल्या एका सकाळी भोंगा झाला. वेंडल उशीवरून पाय काढून उभा राहायला गेला आणि खुर्चीसकट कोसळला. रोझवितानं त्याला परत बसवलं आणि त्याच्यापुढं दाराला पाठ लावून उभी राहिली. तेव्हा टेकडीपलीकडून दुसरा भोंगा आला, जरा खालच्या पट्टीचा. दोन्ही एकदम वाजत होते. वेंडलनं ते कधी ऐकलं नव्हतं. तो ऐकत राहिला आणि दातांनी मिशी चावत राहिला. आपण इथं बसलोय, हेच त्याला सोसवत नव्हतं.

बेकरीचं धुराडं पेटलं होतं आणि आग छपरात शिरली होती. वेंडलला ते कळलं दुपारी, बुर्कहार्डचा कारखान्यातून फोन आला तेव्हा.

"ऐकलंस का?" बुर्कहार्ड म्हणाला. "पैलं पाणी त्यांचं पडलं. भर गावात, देवळाम्होरं."

"बेकरीवाला कसा हाय?"

"तो बरा हाय. वर त्याची आई निजली हुती, तिला झेंटाच्या माणसांनी मुखवटे घालून खाली आणली. पर तू ऐक, पेपरवाला आला हुता. फोटो कुणाचा? ओबरमूसचा. मागं आपली बेकरी, आपलं देऊळ, आन म्होरं ओबरमूस."

"आपले किती आले?"

"सेव्हेरिन आन नर्स."

"छप्पर?"

"थोडी कौलं गेली. वेंडल, लोक चिडल्यात. जानेवारीच्या सभेत मी ही गोष्ट परत काढणार हाय. ते हात खरे नव्हते, उपाशी हुते."

"उद्या पाव मिळंल का?"

"आं? मिळंल म्हणत हुता."

"मग ठेव फोन," वेंडल म्हणाला आणि आपणच ठेवला.

थोडा वेळ तो गुडघ्याकडं बघत बसला. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून त्यानं हाक मारली.

"रोझविता, तो ओंडका जाळलास का?"

"न्हाई अजून. आता घालते."

"नको घालू," वेंडल म्हणाला. "जानेवारीत लागंल."